अनोळखी माणूस आधी सोबतच्याकडे बघतो

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. धाकटा भाऊ २४ वर्षांचा. आठ महिन्यांपूर्वी अक्कलकोट रस्त्यावर मोटारसायकलचा अपघात झाला आणि उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. सध्या कुबड्यांवर चालतो, पुढच्या महिन्यात कृत्रिम पाय बसणार आहे. सोलापूरच्या नवी पेठेत शर्ट घ्यायला गेलात तेव्हा दुकानदाराने त्याचं माप तुम्हाला विचारलं. सिद्धेश्वर मंदिराबाहेर तो चपलांपाशी तुमची वाट बघत उभा होता, तर एका बाईने त्याच्या हातावर दहाची नोट ठेवली. तेव्हापासून तो घराबाहेर पडेना. आणि तुम्ही विचारताय, पाय बसल्यावर लोकांची नजर बदलेल का, बदलेल तर किती दिवसांत?

मी गेली २३ वर्षं सोलापुरात कृत्रिम पाय आणि कॅलिपर, म्हणजे कमजोर पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा, बनवायचं काम करतो. माप घ्यायचं, साचा काढायचा, सॉकेट, म्हणजे राहिलेला पाय ज्यात बसतो ती खोबण, बसवायचं, मग पॅरलल बारमध्ये, म्हणजे धरून चालायच्या दोन दांड्यांमध्ये, उभं करून चालायला शिकवायचं. मानसोपचार हा माझा विषय नाही. पण नवा पाय घालून माणूस पहिल्यांदा रस्त्यावर उतरतो तेव्हा अर्धं पाऊल मागे राहून मी त्याच्यासोबत चालतो. लोक कुठे बघतात, कधी बघायचं थांबवतात, हे मी तिथून शिकलोय.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र झाल्यात. लोक बघतात ही एक. लोक त्याला वगळून तुमच्याशी बोलतात ही दुसरी. तुमच्या लिहिण्यावरून मला वाटतं की तो घरात बसलाय तो दुसरीमुळे. आणि त्या दुसऱ्या गोष्टीवर तुमचा हात चालतो, म्हणून हे जरा लांबण लावून लिहितोय.

आधी बघण्याचं सांगतो. वेगळं काही दिसलं की माणूस बघतो. लहान मूल तोंड उघडं टाकून बघतं. मोठ्यांना ‘असं बघू नये’ हे शिकवलेलं असतं, म्हणून ते चोरून बघतात आणि त्या अवघडलेपणात चार हात लांब राहतात. १९७६ साली एलेन लँगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं होतं. काही जणांना अपंग व्यक्तीला भेटण्याआधी एकतर्फी काचेतून निवांत बघू दिलं, काहींना नाही. ज्यांचं आधी बघून झालं होतं ते भेटीत त्या व्यक्तीच्या जास्त जवळ बसले. मला हे वाचून आमच्या समोरचे किराणावाले आठवले. त्यांनी आजवर इतके पाय बघितलेत की नवा पेशंट आला तर ते पायाकडे बघतही नाहीत. ‘ऊन लई आहे ओ, आत बसा’ म्हणतात आणि आपल्या कामाला लागतात.

म्हणजे ‘किती दिवसांत’ याचं उत्तर जागेगणिक वेगळं आहे. ज्या सलूनमध्ये, ज्या टपरीवर, ज्या गल्लीत तो चार-पाच वेळा जाईल तिथल्या लोकांचं बघून होईल. नव्या बाजारात, नव्या गावात ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. अख्खं शहर एका दिवशी बघायचं थांबवेल अशी वाट बघत तो घरात राहिला तर तो दिवस उगवणार नाही.

आता वगळून बोलण्याकडे येतो.

चालणं जरा हातात आलं की मी प्रत्येकाला कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला नेतो. आमच्याकडे त्याला ‘पहिला चहा’ म्हणतात. चहा देणाऱ्याची नजर मी इतक्यांदा बघितली आहे की तिचा क्रम मला पाठ आहे. आधी तिला चाल दिसते. मग ती खाली पायावर जाते. मग वर येते, पण पेशंटच्या तोंडाकडे येत नाही. माझ्याकडे येते आणि तिथे क्षणभर थांबते. यांच्याशी कसं वागायचं, हे तो मला विचारत असतो.

एकदा टपरीवर नवा पोरगा होता. माझ्यासोबत बार्शीकडचे एक शेतकरी होते, पन्नाशीचे, पाय बसून आठ दिवस झालेले. पोराने मला विचारलं, ‘काकांना साखर कमी टाकू का?’ मी काहीच बोललो नाही, फक्त काकांकडे बघितलं. पोराची नजर माझ्या नजरेमागोमाग तिकडे गेली. काका म्हणाले, ‘साखर नेहमीसारखी टाक, आलं जास्त.’ पोराने ग्लास त्यांच्या हातात दिला. पैसे त्यांनी दिले, सुट्टे त्यांनी मोजून घेतले. आठवड्याने परत गेलो तर पोरगा लांबूनच ओरडला, ‘काका, आलं जास्त ना?’ माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

मी त्या दिवशी नुसतं ‘हो, कमीच टाक’ म्हणालो असतो तर त्याने पुढच्या वेळीही मलाच विचारलं असतं. कारण मी त्याला तसं शिकवलं असतं.

दुकानदाराने माप विचारल्यावर तुम्ही काय केलंत ते तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेक ‘चाळीस’ म्हणून मोकळ्या झाला असाल. आठ महिने दवाखान्यात, घरात, रिक्षात त्याच्या वतीने तुम्हीच बोलत आलात. ती सवय प्रेमातून लागते आणि गरजेपोटी लागते, त्यात अपराध काही नाही. पण दुकानदाराला वाटलं, याच्याशी बोलायचं ते हिच्यामार्फत.

हाच दोष माझ्यात होता, तोही या धंद्यात असून. कामाला लागून पाचेक वर्षं झाली होती. पोलिओची एक बारा-तेरा वर्षांची मुलगी आईसोबत कॅलिपर दुरुस्तीला आली. मी कॅलिपर हातात घेऊन आईला विचारत होतो, हिला कुठे घासतं, ही किती चालते, जिना चढते का. मुलगी थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, ‘पाय माझा आहे, मला विचारा की.’ आई तिला दटावायला लागली. मी आईला थांबवलं, बुटका स्टूल ओढला, मुलीसमोर बसलो आणि पहिल्यापासून सगळं तिला विचारलं. कॅलिपरचा पट्टा मांडीच्या आत नेमका कुठे काचतो ते तिने बोट ठेवून दाखवलं. आईला ती जागा माहीतच नव्हती. तो स्टूल अजून वर्कशॉपमध्ये आहे, माप घेताना मी त्यावरच बसतो.

पोलिओचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो. आमच्या लहानपणी कॅलिपर घातलेलं एखादं मूल बहुतेक शाळांत असायचं. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देशाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. आमच्या कामात याहून आनंदाची बातमी मी ऐकलेली नाही. पण आज विशीत असलेल्यांनी वर्गात कॅलिपरचा खटका ऐकलेला नाही. आम्ही त्या मुलांना नावं ठेवायचो, चिडवायचो, ते वाईटच होतं. पण त्यांच्याच बाकावर बसून डबाही खायचो, त्यामुळे नजर लहानपणीच सरावायची. आता माझ्याकडे येणारे बहुतेक जण अपघाताचे नाहीतर मधुमेहाचे असतात, म्हणजे ज्यांना लोकांनी आधी दोन पायांवर बघितलंय असे. तुमच्या भावाच्या मित्रांनी असा मित्र पहिल्यांदाच बघितलाय. ते येईनासे झाले असतील तर त्यातल्या बऱ्याच जणांना काय बोलावं ते सुचत नसेल, हे धरून चाला. एखाद्याला तुम्ही स्वतः फोन करा.

सोबतच्या माणसाखालोखाल नजर बदलते ती कामामुळे. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलं होतं की नुसत्या शेजारी असण्याने मनातली अढी जात नाही. दोघांचा दर्जा सारखा हवा, उद्देश एक हवा, काम एकमेकांवर अवलंबून हवं आणि वरच्याचा त्याला पाठिंबा हवा. हे मला नीट समजलं ते इथल्या एका यंत्रमाग कारखान्यामुळे.

तिथले एक जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, मधुमेहात पाय गेला, माझ्याकडे पाय बसवला आणि तीन महिन्यांनी कामावर परतले. मालकाने चांगल्या मनाने त्यांना दाराशी खुर्ची दिली, ‘बसून लक्ष ठेवा’ म्हणाला. पंधरा दिवस ते खुर्चीवर होते. जवळून जाताना कामगार आवाज खाली करायचे, जेवणाच्या सुट्टीत त्यांचा डबा कुणीतरी आणून हातात द्यायचं. ते मला म्हणाले होते, ‘आजारी माणसाच्या घरी आल्यासारखं वागतात.’ मग तिसऱ्या आठवड्यात एक माग बंद पडला. दोघा-तिघांनी खटपट केली, जमेना. हे उठले, कृत्रिम पाय लांब पसरून जमिनीवर बसले, अर्धे मागाखाली सरकले आणि पाना मागितला. अर्ध्या तासाने माग सुरू झाला. खुर्ची दुसऱ्या दिवशी ऑफिसात परत गेली, ती मालकानेच उचलली. पुढे दोनेक महिन्यांनी सॉकेट सैल झालं म्हणून ते माझ्याकडे आले आणि आल्या आल्या सांगितलं, ‘आज पोरं माझ्यावर ओरडली, तेलुगूत, लवकर या म्हणून.’ सांगताना त्यांचे डोळे भरले होते.

तुमचा भाऊ अपघाताआधी काय करत होता ते तुम्ही लिहिलं नाही. जे करत होता त्यातलं थोडं तरी, दिवसातून दोन तास का होईना, सुरू होईल असं बघा. सगळं बरं झाल्यावर काम, असं ठरवलंत तर फार वेळ जातो.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते. कुबड्या बघून लोकांना वाटतं हाड मोडलंय, जोडलं जाईल, म्हणून ‘काय झालं ओ?’ हा प्रश्न हमखास येतो. व्हीलचेअर असेल तर लोक डोक्यावरून, मागे ढकलणाऱ्याशी बोलतात, तिथे सोबतच्याची जबाबदारी आणखी मोठी. पॅन्टच्या आत कृत्रिम पाय असेल तर पुष्कळांना कळतच नाही, आणि कळलं की त्यांचा चेहरा बदलतो, तो बदलही सोसावा लागतो. बाई असेल तर लोक पायाबरोबर लग्नाचंही विचारतात. चेहऱ्यावर भाजल्याच्या खुणा असणाऱ्यांचं वेगळं, त्यांना नजर चुकवायला जागाच नसते, आणि त्यांच्याबद्दल मी अधिकाराने बोलू शकत नाही. मुद्दाम कुणी चारचौघांत अपमान केला तर मात्र गप्प बसायचं कारण नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९२ मध्ये त्यासाठी सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे.

पायाचं बोलायचं तर लोकांचं लक्ष पायापेक्षा लंगडण्याकडे जास्त जातं. पहिल्या वर्षात राहिलेला पाय, म्हणजे स्टंप, आकसत जातो. सॉकेट सैल होतं, चाल बिघडते. आधी स्टंपवरचे मोजे वाढवून भागतं, मग सॉकेट बदलावं लागतं. हे दर वेळी तंत्रज्ञाला दाखवा, ‘चालतंय ना कसंतरी’ म्हणून सोडू नका. शिवाय आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, सॉकेटमध्ये घाम साठतो, कातडी सोलवटते आणि काही दिवस पाय काढून ठेवून परत कुबड्या घ्याव्या लागतात. तेव्हा गल्लीतले ‘परत काय झालं?’ विचारतील. भावाला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्याला वाटेल आपण मागे आलो.

पॅन्टने झाकायचं का, हेही तुम्ही विचारलंय. ते त्याचं त्याला ठरवू द्या. माझ्याकडचे काही जण बँकेत जाताना फुल पॅन्ट घालतात आणि संध्याकाळी तलावाकाठी हाफ पॅन्टमध्ये फिरतात. बँकेत काम उरकायचं असतं, तिथे पायाची चर्चा नको असते. हे मला अगदी बरोबर वाटतं.

आणखी एक प्रयोग तुमच्या उपयोगाचा आहे. १९८० साली क्लेक आणि स्ट्रेंटा या दोन संशोधकांनी काही लोकांच्या चेहऱ्यावर रंगाने खोटा व्रण काढला, आरशात दाखवला, आणि एका अनोळखी माणसाशी बोलायला पाठवण्याआधी शेवटचा हात फिरवतो असं सांगून तो गुपचूप पुसून टाकला. बोलून परत आल्यावर हे लोक सांगू लागले की समोरचा व्रणामुळे अवघडला होता. व्रण तर नव्हताच. यावरून भावाला भास होतायत असं कृपा करून समजू नका. दहाची नोट खरी होती, दुकानदाराचा प्रश्न खरा होता. पण लांब उभे राहून हसणारे दोघे त्यालाच हसत होते का, हे मात्र माहीत नसतं. मी पेशंटना बाहेरून आल्यावर दोनच गोष्टी विचारतो. समोरच्याने काय केलं? आणि तुला काय वाटलं? महिनाभरात ते स्वतःच दोन्ही वेगळं सांगायला लागतात.

नोटेबद्दल. तिथे जागेने घोटाळा केला. देवळाच्या बाहेर, कुबड्या घेऊन, एका जागी उभा असलेला माणूस बघून त्या बाईंचा हात सवयीने पुढे आला. तोच मुलगा तशाच कुबड्या घेऊन एसटी स्टँडवर तिकिटाच्या रांगेत असता तर बाईंनी त्याला गाडीची वेळ विचारली असती. पुढच्या वेळी त्याने नोट परत द्यावी आणि ‘मावशी, मी दर्शनाला आलोय’ एवढंच म्हणावं. रागावायची गरज नाही, पण गप्प राहून खिशात टाकायची तर अजिबात नाही. ते त्याला रात्री झोपू देत नाही, हे मी बघितलंय. ‘काय झालं ओ?’ला सुद्धा एक वाक्य तयार ठेवू दे. ‘अपघातात पाय गेला, आता बरा आहे. तुम्ही कुठले?’ उलट प्रश्न आला की आपल्याकडचा माणूस लगेच आपल्या गावावर आणि आपल्या मामाच्या अपघातावर येतो. आणि सांगावंसं वाटलं नाही तर ‘नंतर सांगतो’ म्हणून पुढे जायचा त्याला हक्क आहे.

नातेवाईक त्याला मोठमोठ्या खेळाडूंचे व्हिडिओ पाठवत असतील. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर, ज्यांनी १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. आटपाडीकडचे सचिन खिलारी, ज्यांनी २०२४ मध्ये पॅरिसला गोळाफेकीत रौप्य मिळवलं. या माणसांबद्दल मला अतोनात आदर आहे. पण पहिल्या वर्षात ‘बघ, तेही करतात’ हे वाक्य त्याला ऐकवू नका. ज्याला अजून जिना उतरताना भीती वाटते, त्याला हे ओझं होतं. कीव करणाऱ्यांमध्ये आणि टाळ्या वाजवणाऱ्यांमध्ये त्याला साधं राहायला थोडी जागा हवी. शर्टाचं माप चुकलं तर दुकानदाराशी वाद घालायला सुद्धा.

तेव्हा नवी पेठेत परत जा, त्याच दुकानात. आत गेल्यावर तुम्ही साड्या नाहीतर टॉवेल बघायला लागा. दुकानदाराने तुमच्याकडे बघून काही विचारलंच तर उत्तर देऊ नका, भावाकडे बघा. दोन-तीन सेकंद फार जड जातील. त्या सेकंदांत तोंड उघडायचं नाही, एवढंच तुमचं काम.

शेवटी, भावाला जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला न्यायचं का, त्याबद्दल. न्यायला हरकत नाही, पण नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या गर्दीत पहिल्या वर्षी नको. गर्दी ओसरल्यावर जा, हातात एक कुबडी असू द्या. आणि दर्शनाला अनवाणी जावं लागणार, त्याची तयारी आत्ताच करावी लागते. १९६८ मध्ये रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेला रबराचा जयपूर फूट, म्हणजे कृत्रिम पायाचं पाऊल, अनवाणी चालता यावं, उकिडवं बसता यावं असाच केलेला आहे. पण दुसऱ्या प्रकारचा फूट असेल तर तो ठरावीक टाचेच्या बुटाच्या उंचीवर जुळवलेला असतो. बूट काढला की माणूस मागे कलल्यासारखा होतो, सपाट फरशीवर चढ चढतोय असं वाटतं आणि तोल जातो. म्हणून माप द्यायला जाल तेव्हाच तंत्रज्ञाला हे सांगायला हवं. घरात, देवळात अनवाणी किती चालणार, उकिडवं बसावं लागतं का, मोटारसायकल परत चालवायची आहे का. हे सगळं भावाला सांगू दे. तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा.